अक्कानं लिहिलेल्या तारखा

आम्ही उदगीरला राहायचो तेव्हा स्टेशनच्या रस्त्यावर कॅसेटचं एक दुकान होतं. नवी कॅसेट मुंबईत निघाली की आमच्या गावात ती आठ-पंधरा दिवसांनी पोचायची. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा अकरावीला होती आणि मी सातवीत. दुकानदार ओळखीचा होता. पार्सल फुटलं की अक्का कॉलेजातून परस्पर तिकडं जायची, आणि घरी आली की आधी डबीतला कागद बाहेर काढून त्याच्या मागं बारीक अक्षरात तारीख लिहायची. मग कॅसेट लागायची. वडील शाळामास्तर होते, त्यांना गाण्याचं वेड नव्हतं. पण अक्का कॅसेट लावायची तेव्हा तेही वह्या तपासायचं थांबवायचे.

अशा तीन कॅसेट आमच्या खास होत्या. एक भावगीतांची, एक गझलांची आणि एका गायिकेची, जिचं नाव पुढं कुणी फारसं घेतलं नाही. दर वर्षी त्या त्या तारखेला ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, मधे उठायचं नाही, गाणं पुढं ढकलायचं नाही, हा अक्कानं घातलेला नियम होता. पुढं मोबाइलवर मी त्या अल्बमांच्या खऱ्या तारखा शोधून तिला सांगितल्या. ती म्हणाली, "कंपनीनं कधी का काढली असंना. आपल्याकडं आली ती तारीख आपली."

अक्काचं लग्न कंधारजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी झालं. मी पाटबंधारे खात्यात लागलो आणि नांदेडला स्थायिक झालो. वडील गेल्यावर आई माझ्याकडं आली. टेपरेकॉर्डर आणि कॅसेटही माझ्याकडंच आल्या. अक्काच्या सासरी गाणी ऐकत बसणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून त्या तीन तारखांना ती सकाळच्या एसटीनं नांदेडला यायची, आईसाठी शेतातलं काहीबाही घेऊन. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं टेपजवळ खाली बसायचो आणि आई पलंगावर. पाचच्या बसनं अक्का परत जायची. पंचवीस-तीस वर्षांत तिच्या चार-दोन खेपा चुकल्या असतील, बाळंतपणाच्या नाहीतर सुगीच्या.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी आई आजारी पडली. न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात ठेवल्याचं मी दाजींना, अक्काच्या नवऱ्याला, कळवलं होतं. चार दिवसांनी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जवळच्या लोकांना बोलावून घ्या. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून अक्काला फोन लावला.

"अक्का, आई जाऊन राहिली. आत्ताच्या आत्ता नीघ."

 मग ती म्हणाली, "हाव, हाव. पोळा झाला की येते निवांत. तू जपून राहा."

मी फोन ठेवला. आई मरायला टेकलीय आणि हिला पोळ्याचे बैल सजवायचेत. माझ्या डोक्यात संतापाशिवाय काही उरलं नाही. आई ग्लानीतून मधूनच विचारायची, "थोरली आली का?" मी म्हणायचो, "येऊन राहिली." दुपारी बायको म्हणाली, पुन्हा एकदा फोन करा, नाहीतर दाजींना करा. मी म्हणालो, "एकदा सांगितलंय. यायचं तर येईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई गेली. मग मात्र मी दाजींना फोन केला. दोघं जीप करून आली. तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. अक्का आईच्या पायाशी बसली आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "मला कुणी सांगितलं न्हाई. मला कुणी सांगितलं न्हाई." मावशी होती, मामा होते, शेजारपाजार होता. माझ्यानं राहवलं नाही. मी तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, "मी स्वतः फोन केला होता. पोळा झाल्यावर येते म्हणालीस."

अक्कानं पदर डोळ्यांवरून काढून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हाव."

तो होकार सगळ्यांनी ऐकला. मावशीनं तोंड फिरवलं. तेराव्यापर्यंत अक्का आमच्या घरात होती, पण तिच्याशी धड कुणी बोललं नाही. मीही नाही. ती भांडी घासायची, पाहुण्यांची ताटं उचलायची, कुणी काही म्हटलं की किंचित हसून मान हलवायची. ते हसणंसुद्धा मला सलायचं.

मार्गशीर्षात गझलांच्या कॅसेटची तारीख आली. मी अक्काला बोलावलं नव्हतं. ती नेहमीसारखी सकाळच्या एसटीनं आली. पिशवीत हुरडा होता. आईच्या रिकाम्या पलंगाकडं बघत ती थोडा वेळ दारातच उभी राहिली. मी "ये" एवढंच म्हणालो. जेवणं झाली. मला खरं तर काही लावायचं नव्हतं, पण ती स्वतःच उठून टेपच्या बाजूला जाऊन बसली, भिंतीला पाठ टेकून. मी कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

कॅसेट उलटी घातली गेली होती. दुसऱ्या बाजूची पहिली गझल लयीला जरा चढी आहे, तबला सुरुवातीपासूनच वाजतो. आता अक्का टोकणार म्हणून मी वाट पाहिली. तिनं टोकलं नाही. ती मांडीवर बोटांनी ठेका धरून बसली होती, आणि तो ठेका संथ होता. ओठ हलत होते. मी निरखून पाहिलं. ती पहिल्या बाजूची पहिली गझल म्हणत होती, शब्द न् शब्द, जिथं गायक थांबतो तिथं थांबत.

मला आधी वाटलं, ती आपल्याच विचारात आहे. मग ती तिथंच डोळे मिटून बसलेली असताना मी हात लांब करून टेप बंद केला. खोलीत काही आवाज राहिला नाही. अक्काची बोटं मांडीवर पडत होती. अर्ध्या शेरावर तिनं मान जराशी डोलावली, त्या जागेला ती नेहमीच डोलवायची.

मी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिनं डोळे उघडले, टेपकडं पाहिलं. आतली चाकं थांबलेली दिसली तशी तिचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" मी विचारलं. तिनं माझ्या ओठांकडं पाहिलं.

"दोन वर्षं झाली असतील," ती म्हणाली. "आधी डावा गेला. मग उजवाबी जाऊन राहिला. समोर बसून मोठ्यानं बोललं तर थोडं कळतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"आमच्या सासूबाई शेवटी बहिऱ्या झाल्या होत्या. घरात त्यांना कुणी काय सांगायचंच न्हाई. पोरं पाठीमागं नकला करायची. मी बघितलंय ते." मग टेपवर हात ठेवून म्हणाली, "हे तर सगळं पाठ हाय. चाकं फिरताना दिसली की मी म्हणायला सुरू करते."

 मग तिनंच विचारलं, "एक विचारू? आई जाणार हे तुला कळलं होतं, मग मला का न्हाई कळवलंस? फोनवर तर म्हणालास, बरी होऊन राहिली."

मी तिच्या समोर सरकून बसलो. एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "मी म्हणालो होतो, आई जाऊन राहिली."

तिनं ते ओठांवरून वाचलं. स्वतःशीच दोनदा पुटपुटली, "जाऊन राहिली. जाऊन." तिला नुसतं 'राहिली' ऐकू आलं होतं. मागचं-पुढचं तिनं आपल्या मनानं भरून घेतलं होतं. आणि अंगणात मी सगळ्यांपुढं जे बोललो तेही तिला कळलं नव्हतं. मी काहीतरी धीर देतोय असं वाटून ती हाव म्हणाली होती.

त्या दिवशी पाचची बस आम्ही सोडून दिली. ती रडत नव्हती, मी रडत होतो. बायकोनं तिला जवळ घेतलं तेव्हा ती म्हणाली, "चार महिने मला वाटून राहिलं की भावानं मुद्दाम कळवलं न्हाई. वडलांच्या शेताच्या वाटणीवरून काही मनात धरलं असंल."

नंतरच्या आठवड्यात मी तिला घेऊन लातूरला गेलो. तिची मुलगी तिथं शिक्षिका आहे, तिनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नस वाळत गेली आहे, गेलेलं परत येणार नाही; मशीन लावून बोलणं कळेल, गाण्याचं सांगता येत नाही. मशीन बसवल्यावर मुलीनं तिथंच आईला मोबाइलवर एक गाणं लावून दाखवलं. अक्कानं थोडं ऐकलं आणि फोन बाजूला केला. "पत्र्यावर कुणी खडे टाकल्यासारखं होतंय," म्हणाली.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मशीन तिच्या कानात होतं. अहमदपूर सुटल्यावर मी तिला सांगितलं, की त्या दुपारी बायकोनं पुन्हा फोन करायला सांगितलं होतं आणि मी रागानं केला नाही. केला असता तर दाजींनी उचलला असता, ती संध्याकाळपर्यंत पोचली असती, आई अजून एक दिवस होती.

अक्कानं सगळं ऐकलं. मग कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी पिशवीत खाली सारली. "बस लई वाजून राहिली," एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लोह्याला ती कंधारच्या गाडीसाठी उतरली. मी पिशवी खाली दिली. तिनं माझ्याकडं न बघता ती घेतली.

त्यानंतर ती सात-आठ महिने आली नाही. मधल्या काळात मी मावशीकडं गेलो, उमरीला मामांकडं गेलो, ज्यांनी ज्यांनी अंगणात ते ऐकलं होतं त्यांना सगळं सांगितलं. मावशी रडली. मामा म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस," पण त्यांच्या घरातल्या लग्नात अक्का आली तेव्हा बायका तिच्याशी पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत. काही बोलल्या त्याही ओरडून, जणू ती लहान मूल आहे.

आईच्या वर्षश्राद्धाला अक्का आली. सगळं आवरल्यावर मी कॅसेटचा विषय काढला. ती म्हणाली, "आता नको. तू ऐक. मला नुसती चाकं बघत बसवत न्हाई." ती रागावून बोलली नव्हती. मी पुन्हा आग्रह केला नाही.

मागच्या मार्गशीर्षात त्या तारखेला मी दुपारी एकटाच बसलो. या वेळी कॅसेट नीट बघून घातली. दोन गझला ऐकल्या. तिसरी सुरू झाल्यावर उठलो आणि अक्काला व्हिडिओ कॉल लावला. आता आम्ही तसेच बोलतो, तिला तोंड दिसावं लागतं. ती ओसरीत तूर निवडत होती. मी काय करत होतो हे तिनं विचारलं नाही. सुनेला दिवस गेलेत, दाजींचा गुडघा दुखतोय, हरभऱ्यावर अळी पडलीय, असं बरंच सांगितलं. मी मोठ्यानं, तोंड स्क्रीनजवळ आणून उत्तरं देत होतो. मधे दोनदा तिनं "काय?" म्हणून विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं.