बूट घालून येणारी माणसं

हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर मी चहा घ्यायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर पलंगाभोवती पडदा ओढलेला. नर्सनं 'सॉरी' म्हणून माझ्या हातातला कप काढून घेतला. सहा आठवडे झाले त्याला. माझी बायको सुमन हृदय थांबून गेली. आमच्या घरामागच्या मातीचा त्याच्याशी काही संबंध नाही, मी उगाच जोडणार नाही. पण त्या मातीसाठी तिनं धरलेलं काम माझ्यामुळं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसलोय. शिक्षण चौथीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आमच्या घरामागं फौजेचा जुना डेपो होता. त्याच्या कुंपणाला लागून शहराच्या कौन्सिलनं भाड्यानं दिलेले भाजीचे वाफे, त्यातला एक सुमनचा. मेथी, मुळा, कोथिंबीर. दोन हजार साल उलटल्यावर डेपो बंद झाला आणि कळलं, जमिनीत वर्षानुवर्षं तेल मुरलंय. सफाई नीट होते का हे बघायला रहिवाशांची सल्लागार कमिटी नेमली. हॉलचं भाडं आणि जाडजूड रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या एका रिटायर्ड प्रोफेसरबाईंची फी सरकारनं द्यायची. सुमन त्या कमिटीत गेली. तिचं म्हणणं एकच. तेल काय कुंपण बघून थांबतं का? आमच्या वाफ्यांचीही माती तपासा. इंग्रजी मोडकंतोडकं, पण दर मीटिंगला उठून तेच विचारायची. मी चिडवायचो, "काय मॅडम, आज फौजेला किती झापलं?" ती म्हणायची, "मेथी कोण खातं? तुम्हीच ना? मग गप बसा."

दोनेक वर्षांनी पत्र आलं, कमिटीचे पैसे बंद. प्रोफेसरबाई फुकट यायला तयार होत्या, पण बसायला जागा हवी. कमिटीतल्या बाकीच्यांत शेजारच्या जोनचा नवरा अंथरुणाला खिळलेला, रिटायर्ड पोस्टमन पीटरची एकच खोली. पुढची मोठी खोली आमचीच.

"अहो, महिन्यातून एकदा आपल्याकडं बसू का?"

"आणि ते बूट घालून येणार? गालिच्यावर? बुद्धांच्या मूर्तीसमोर?"

"काढायला सांगीन की."

"गोऱ्यांना बूट काढायला सांगणार तू? मग मोज्यांचा वास कोण घेणार?"

ती हसली. "म्हणजे चालेल?"

"नाही चालणार."

खरं सांगतो, बूट हे निमित्त. लोखंड ओतायच्या फाउंड्रीत तीस वर्षं गोऱ्यांबरोबर काढली, पण एकालाही घरात खुर्ची दिली नव्हती. मला इंग्रजी समजतं, बोलायला तोंड उघडत नाही. माझ्याच घरात बायको बोलणार आणि मी मुक्यासारखा बसणार... ते मला सोसलं नसतं. एवढंच तिला सांगितलं असतं तरी तिनं काही वाट काढली असती. मी बुद्धांना पुढं केलं.

मग त्यांनी वाफ्यांच्या फाटकाशी उभ्यानं दोन मीटिंगा घेतल्या. ऐंशीला टेकलेल्या प्रोफेसरबाई थंडीनं आजारी पडल्या आणि सगळं थांबलं. सफाईचा शेवटचा रिपोर्ट आला. सुमन सातवी शिकलेली, डिक्शनरी घेऊन रोज दोन पानं वाचायची. हरकती घ्यायची मुदत संपली तेव्हा ती निम्म्यावरही नव्हती. आमच्या वाफ्यांची माती कुणी तपासली नाही. तिनं मेथी उपटली, झेंडू लावला. मला एका शब्दानं बोलली नाही.

गेल्या रविवारी जोन आणि पीटर भेटायला आले. मी दार उघडलं तर पीटर भिंतीला धरून वाकला आणि नाड्या सोडायला लागला. मी म्हटलं, "नो, नो, प्लीज." तो म्हणाला, "सुमननं आम्हाला तेव्हाच विचारलं होतं, बूट काढाल ना म्हणून. आम्ही सगळे हो म्हणालो होतो. मी तर नवे मोजे आणून ठेवले होते."

म्हणजे माझ्याकडं यायच्या आधीच तिनं त्यांना विचारलं होतं.

दोघं पुढच्या खोलीत बसले. जोननं हळूच विचारलं, "तुमची छाती कशी आहे आता? त्या वेळी खोकला फार वाढला होता ना. सुमन म्हणाली होती, म्हणूनच मीटिंग घरी ठेवता येत नाही."

मला जन्मात कधी छातीचं दुखणं झालेलं नाही.

"बेटर," मी म्हटलं. "थँक यू."