पिकअपची ओढ

यांच्या मांडीत सळई बसवली आणि दुधाची गाडी माझ्या हातात आली. भरलेला कॅन मागं ओढताना यांचा पाय गाडीच्या मागच्या फाळक्यावरून घसरला आणि हे खाली दगडांवर आदळले. शिरूरला ऑपरेशन झालं. हाड जुळेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण गाई कुणाचं हाड जुळायची वाट बघत नाहीत. न्हावऱ्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दूध सकाळ-संध्याकाळ गोळा करून ते थंड करणाऱ्या चिलिंग सेंटरला पोचवायचं, हे आमचं काम. सुरुवातीला धाकट्या दिरांनी गाडी नेली, पण त्यांची कंपनीतली सुट्टी संपली. मला गाडी येत होती. यांनीच हौसेनं शिकवली होती आणि लायसनही काढून दिलं होतं. तेव्हा ती हौसच होती, आता गरज झाली.

अडचण एवढीच होती की ही पिकअप कंपनीनं दिली तशी राहिलेली नव्हती.

नवी घेतली तेव्हा भरलेल्या कॅनांसकट ती चढाला मरगळते, असं यांचं म्हणणं. शिक्रापूरला यांचा एक मित्र गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याच्या नादानं यांनी एक प्रोग्रामर मागवला. मोबाईलपेक्षा जरा जाड डबी, तिला एक वायर आणि वायरीच्या टोकाला पिन. शोरूमवाले स्टिअरिंगखाली जिथं त्यांचा स्कॅनर लावतात, तिथंच ही पिन लावायची. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीनं भरलेलं सेटिंग ती आधी स्वतःकडं उतरवून घेते आणि त्याच्या जागी दुसरं भरते. इंजिन तेच, डिझेल तेच, ओढ मात्र निराळी.

ते सेटिंग भरलं त्या दिवशी यांनी मला शेजारी बसवून गाडी रस्त्याला काढली. पुढं उसाच्या ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता. एका दमात तो मागं टाकला आणि हे मोठ्यानं हसले. "बघितलं का? उडतीया नुसती!" यांचे आजोबा मेंढरांमागं चालून आयुष्य काढलेले. वडिलांनी जमीन धरली, पण त्यांनाही एसटीशिवाय दुसरी गाडी माहीत नव्हती. या घरात स्वतःचं इंजिन आलं ते यांच्या हातानं. त्यामुळं ती ओढ म्हणजे नुसती गाडीची नव्हती, हे मला कळत होतं.

पण ती ओढ माझ्या पायाला झेपेना. वस्तीवरच्या अरुंद वाटेनं गाडी हळू काढायची म्हटलं तर ती आधी काहीच करायची नाही आणि मग एकदम उसळायची. मागं कॅन एकमेकांवर आदळायचे. एकदा पाटाच्या कडेला असाच हिसका बसला, एका कॅनचं झाकण उडालं आणि पांढरा ओघळ फाळक्यावरून खाली आला. ज्या बाईचं दूध होतं ती दारातच उभी होती. तिनं नुसतं बघितलं. मी घरी येऊन यांना सांगितलं, तर हे खाटेवरून म्हणाले, "पाय हलका ठेव. तिला नुसतं सांगायचं, ढकलायचं न्हाई." मी कॅन धुवायला घेतले. पडून राहिलेल्या माणसाला त्याच्या गाडीतली खोड काय सांगायची?

मग सर्व्हिसची वेळ आली. शोरूमचं वर्कशॉप दौंड तालुक्यात, सोलापूर रोडला. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून पलीकडं जायचं. गाडी अजून वॉरंटीत होती आणि वेग घेताना इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येत होता, म्हणून टाळूनही चालणार नव्हतं.

"आधी ती स्टॉकला आणावी लागंल," हे म्हणाले. स्टॉक म्हणजे कंपनीचं मूळ सेटिंग. "त्यांनी बघितलं तर वॉरंटीला अडवत्याल. आन् आपल्या सेटिंगवर त्यांनी त्यांचं नवं सॉफ्टवेअर चढवलं, तर ही डबी गाडीला वळखायचीच न्हाई."

एरवी हे काम यांचं. मित्राला बोलवावं तर तो परगावी गेला होता. शेवटी मी गाडी यांच्या खोलीच्या खिडकीला लागून उभी केली, ड्रायव्हरची बाजू खिडकीकडं. हे उशीला टेकून बसले आणि गजांमधून मला सांगू लागले. सकाळचं दूध पोचवून आले होते. दुपारचं ऊन टपावर होतं.

"पंखा बंद कर. लाइट बंद. चार्जर काढ. आता चावी ऑन कर, पर गाडी सुरू नको करू."

मी पिन लावली. डबीवर इंग्रजी अक्षरं उमटली, ती मी मोठ्यानं वाचून दाखवली. मूळ सेटिंग परत भरायचं का, असं ती विचारत होती.

"व्हय म्हण. आन् आता कशालाच हात लावू नको. दार उघडू नको. मधीच तुटलं तर गाडी जागंवरनं हलायची न्हाई, टोचन करून न्यावी लागंल."

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. मी हात मांडीवर ठेवून बसले. काच अर्धीच खाली होती. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, तो पुसायचीही भीती वाटत होती. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन दुसऱ्या बाजूच्या दाराशी आल्या. गाडी बंद, मी आत ताठ बसलेली, घामानं भिजलेली. त्यांनी काचेवर टकटक केली. मी मानेनंच नको म्हटलं. त्या घाबरल्या.

"अगं काय झालं? चक्कर आली का तुला? दार उघड की!"

"आत्या, दाराला हात लावू नका!" मी आतून ओरडले आणि खिडकीतून हे ओरडले, "आये, लांब हो!" त्या कप घेऊन तशाच मागं सरकल्या. कडुलिंबाखाली उभ्या राहून आमच्या दोघांकडं बघत राहिल्या. आम्ही दोघं मिळून काहीतरी भलतंच करतोय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

अर्ध्याच्या पुढं जाऊन पट्टी थांबली.

"थांबलं," मी म्हटलं.

"थांबू दे." पण यांचा आवाज बदलला होता. गज धरून हे पुढं वाकले. पायाला कळ लागली असणार, कारण डोळे मिटले गेले, तरी गज सोडले नाहीत. पडल्यापासून हे एकदाही घाबरलेले मला दिसले नव्हते. ऑपरेशनला नेतानासुद्धा थट्टा करत होते. त्या दुपारी मात्र यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, ही गाडी गेली तर आपल्याला कोण विचारणार, असं काहीतरी यांच्या मनात चाललंय. मी पडद्याकडं बघायचं सोडून यांच्याकडंच बघत राहिले.

मग पट्टी हलली. भरत भरत टोकाला गेली. चावी बंद करायला सांगणारं वाक्य आलं. मी पिन काढली आणि डबी गजांमधून आत दिली. यांनी ती उशाखाली सारली. सासूबाईंनी गार झालेला चहा परत तापवून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घेताना मला गाडीतला फरक कळला. मी पाय टेकवला तेवढीच ती सरकली. पाटाच्या कडेनं कॅन वाजले नाहीत. चढाला दमत होती हे खरं, गिअर बदलावा लागत होता, पण काय करणार आहे ते आधी सांगून करत होती. चिलिंगला कॅन उतरवून मी पारगावकडं निघाले. पूल ओलांडताना माझ्या लक्षात आलं की माझे खांदे खाली आलेत. इतके दिवस मी ते आवळून गाडी चालवत होते.

वर्कशॉपमध्ये गाडी घेणारा माणूस माझ्या भावाच्या वयाचा होता. त्यानं शिट्टीचा आवाज ऐकला, लॅपटॉप जोडला आणि विचारलं, "ताई, गाडीत बाहेरून काही प्रोग्रामिंग केलंय का?"

काय उत्तर द्यायचं ते यांनी मला पढवून पाठवलं होतं. न्हाई म्हणायचं, माहीत न्हाई म्हणायचं. पण रोज ही गाडी घेऊन मी एकटी बाहेर पडत होते. तिच्यात काय बिघडलंय ते मला खरं कळायला हवं होतं, आणि अर्धी गोष्ट लपवून खरं उत्तर कसं मिळणार?

"होतं," मी म्हणाले. "कालच काढलं."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "बरं झालं बोललात. काढलं तरी भरल्याची खूण राहते यात." तो साहेबांशी बोलून आला. हवेचा एक रबरी पाइप चिरला होता, तो जास्तीच्या दाबानंच गेला असणार, म्हणून वॉरंटीत बसणार नाही, पैसे भरून बदलावा लागेल. पुढं इंजिनाचं मोठं काम निघालं तर तेही तपासूनच ठरवतील. "पण इंजिन चांगलं आहे, ताई. क्लचही ठीक आहे. बिनधास्त चालवा," तो म्हणाला. ते शेवटचं वाक्य ऐकायलाच मी एवढ्या लांब आले होते, असं मला वाटलं.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. हे भिंतीकडं तोंड करून झोपले. संध्याकाळचं दूध झालं, जेवणं झाली, तरी तोंड भिंतीकडंच. सकाळी मी चावी घ्यायला खोलीत गेले तर यांनी उशाखालून डबी काढून माझ्यापुढं धरली.

"सर्व्हिस झाली ना? आता परत भर."

"मला नको," मी म्हणाले.

"अगं, असली गाडी म्हंजी बैलगाडी."

"माझ्या पायाला तीच बसतीया. दूध सांडत न्हाई."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी मी आता कवा चालवणारच न्हाई, असं धरलंय का तुम्ही समद्यांनी?"

तेव्हा मला कळलं की राग वॉरंटीचा नव्हता, मी खरं बोलले त्याचाही नव्हता. मी खाटेवर बसले. "असं कोण म्हणलं? तुम्ही चालवाल तवा तुमच्या मनासारखं करा. तवर गाडी माझ्या हातात हाय, तर माझ्यासारखी चालू द्या." यांनी डबी खाली ठेवली. माझा हात धरला नाही की काही नाही. म्हणाले, "दूध नासंल. जा."

डॉक्टरांनी कुबडी घेऊन बाहेर पडायची परवानगी दिली, त्या आठवड्यात हे एका सकाळी म्हणाले, "मी बी येतो." आम्ही सासू-सुनांनी यांना धरून पुढच्या सीटवर चढवलं. सासूबाईंनी पाठीला गोधडीची घडी लावली. पहिल्या वस्तीवर माणसं गाडीभोवती जमली. कुणी पाय विचारला, कुणी चहा आणला. एका म्हाताऱ्यांनी यांना विचारलं, "काय रं, मालकाला बाजूला बसवलं व्हय?"

"बसवलं की, आबा," हे म्हणाले. "आन् जागा बी बरी हाय. समदं दिसतंय."

रस्ताभर हे चांगला पाय खालच्या फळीवर दाबत होते, जणू ॲक्सिलरेटर तिथंच आहे. चढ आला की माझ्या हाताकडं बघायचे. मी गिअर बदलला की परत रस्त्याकडं. एकही सूचना केली नाही. यांना ते किती जड गेलं असेल, ते मलाच माहीत. परतताना बोलता बोलता यांचा आवाज बंद झाला. वळून बघितलं तर हे झोपले होते, तोंड उघडं, कुबडी गुडघ्यांत धरलेली. दुसरं कुणी गाडी चालवत असलं की या माणसाचा कधी डोळा लागत नाही.

यांचं हाड जुळलं. आता सकाळची फेरी माझी आणि संध्याकाळची यांची. ते सेटिंग यांनी परत भरलेलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र मला म्हणाले, "तिसऱ्या गिअरात जरा लवकर जातीस तू. थोडी थांबत जा." मी थांबून बघितलं. खरंच बरं चाललं.