खणाच्या बांधणीचे पुस्तक

मराठी तिसरीत शाळा सुटली ती कायमचीच. तळकोकणातून आगबोटीने मुंबईस आणि तिथून ठाण्यास आलो तेव्हा मला वाचता येत होते आणि मुकाट्याने कष्ट करता येत होते, बाकी काही नाही. एका वकीलसाहेबांच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे काम मिळाले. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू. खिळ्यावर अक्षर उलटे असते. माझे पुढचे सगळे शिक्षण त्या उलट्या अक्षरांतच झाले. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

छापखान्यातून दर शनिवारी एक वर्तमानपत्र निघे. एका आठवड्यात सरकारी जाहिरात आलीच नाही आणि शेवटच्या पानावर दीड रकाना मोकळा राहिला. रावसाहेब कोर्टाला निघाले होते. पगडी सावरत म्हणाले, "अरे, भर काहीतरी. कोपऱ्यात बसून सगळ्यांना गोष्टी सांगत असतोस, त्यातलीच घाल एखादी."

थट्टा होती की हुकूम, कोण जाणे. मी मात्र हुकूमच धरला. कागद शोधायला गेलो तर धीर सुटेल, म्हणून हात थेट खिळ्यांच्या खणांकडे नेला. शाईने लिहिण्याआधीच माझी पहिली गोष्ट शिशात उभी राहिली.

एक नवी नवरी नवऱ्याबरोबर आगगाडीने सासरी निघते. कल्याणास नवरा पाणी आणायला उतरतो. इतक्यात शिट्टी होते आणि तो घाईत पुण्याच्या गाडीत चढतो. हिची गाडी निघते नाशिकच्या वाटेला. पुढच्या स्टेशनात मास्तर म्हणतो, "बाई, नवऱ्याचे नाव सांगा. तार करून पलीकडच्या स्टेशनांत पुकारा करवतो." मुलगी खाली मान घालून उभी. नवऱ्याचे नाव घ्यायचे कसे? इथे मी "पुढे चालू" असे जुळवले आणि हात झटकले.

संध्याकाळी रावसाहेबांनी कच्चा छाप वाचला, मिशीत हसले आणि म्हणाले, "जाऊ दे छापायला." त्या रात्री मला झोप म्हणून नाही!

दुसऱ्या आठवड्यात मास्तरच्या बायकोने मुलीला घरात घेतले, जेवू घातले. मुलगी तरीही गप्पच. खिळे मोजकेच असत, त्यामुळे अंक निघाला की तिला मोडायचे आणि त्याच खिळ्यांतून तांदळाचे भाव जुळवायचे. तिला घरी कसे पोचवावे हे मलाच सुचेना. तशात लोक येऊ लागले. कचेरीतले कारकून दारातून विचारीत, "काय, लागला का पत्ता?" डोंबिवलीहून एक शेतकरी चालत आला. "आमच्या भावकीत आताच लगीन झालंय. ती आमची तर नाही ना?"

रावसाहेबांनी कपाळाला हात लावला. "वर्तमानपत्रात आले म्हणजे घडले, असे धरून चालतात रे लोक! उद्या रेल्वेवाले विचारतील कोणते स्टेशन, कोण मास्तर, मग मी काय उत्तर देऊ? हे पुरे आता. 'सदर गोष्ट कल्पित असून येथेच बंद केली आहे' एवढे जुळव."

म्हणजे माझी गोष्ट मीच माझ्या हाताने बंद करायची. पुन्हा कधी कोण मला दीड रकाना देणार होते? तरी जुळवत गेलो, "बंद" या शब्दापर्यंत आलोही, तोच दारात टांगा थांबला. कपाळभर कुंकू लावलेल्या एक आजी आपल्या मुलाचा हात धरून उतरल्या. त्या कल्याणच्या. मुलगा घरात अंक मोठ्याने वाची आणि त्या ऐकत. पदराखाली खण, नारळ, तांदूळ.

"कुठं आहे ती पोर? ओटी भरायची आहे तिची."

हातातले खिळे खाली ठेवून मी म्हणालो, "आजी, ती कुठंच नाही. मी रचलीय."

"रचलीय?" त्यांनी मला खालून वर न्याहाळले. "मेल्या, मग एवढी रडवलीस कशाला? दोन दिवस घास उतरला नाही माझा!"

मुलगा म्हणाला, "आई, चल आता."

"थांब रे. बरं, नाही तर नाही. पण घरी पोचली की नाही ती?"

"तेच अडलंय," मी म्हणालो. "नाव घेतल्यावाचून पुकारा होत नाही, आणि नाव तर ती घेणार नाही."

"अरे, उखाण्यात घेईल की! जेवायला वाढलंय ना मास्तरणीनं? म्हणावं, उखाणा घेतल्याशिवाय पानावरून उठू देणार नाही. मास्तर दाराआड उभा राहील. त्याला काय, कान नाहीत?"

छापखान्यात जो हशा पिकला तो विचारू नका. यंत्र फिरवणारे गडी यंत्र सोडून हसत होते. रावसाहेबही डोळे पुसत होते. मग ते माझ्याकडे वळले. "त्या दोन ओळी मोड. वर मोठ्या खिळ्यांत 'कल्पित गोष्ट' असे घाल, आणि लिही पुढे. पुरी झाली की पुस्तक करू."

पुस्तक! मी त्यांच्या पाया पडलो, मग आजींच्या, आणि त्या गडबडीत त्यांच्या मुलाच्याही. तो माझ्याहून लहान होता.

आजींनी ओटीचे सामान तिथेच ठेवले. ओटी परत न्यायची नसते. नारळाचे खोबरे सगळ्यांनी खाल्ले. खण मी ट्रंकेत जपला, आणि पुस्तक निघाले तेव्हा पहिल्या प्रतीच्या पुठ्ठ्यावर चढवला. ती प्रत घेऊन कल्याणास गेलो. आजींनी आपला खण ओळखला, त्यावरून हात फिरवला, मुलाकडून उखाण्याचे पान पुन्हा वाचवून घेतले आणि प्रत माझ्या हातात परत दिली.

"ओटी तिची, मी कशी घेऊ? सासरी पोचवलीस ना? आता माहेरी धाड; तू रचलीस, तर तुझंच घर तिचं माहेर. तुझी आई कुठं असते?"

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. खण मात्र तिला कळणार होता. गावचा एक माणूस निघाला होता, त्याच्याबरोबर पुढच्याच आगबोटीने मी ती प्रत घरी धाडली.