रुमालाखालचा सौदा

मी माझ्या सख्ख्या बहिणीला फसवलं. दाजींना फसवलं, भाच्याला फसवलं. एजंटानं आम्हा सगळ्यांना गंडवलं असं मी सोलापूरभर ओरडत फिरतो — ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आजवर कुणाला सांगितलं नाही.

परवा जेवताना मुलगी कॉलेजातलं सांगत होती. स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा मोरोक्कोचे हजारो लोक बंडखोर सेनापतींच्या बाजूनं लढले. त्यांचा उत्तरेकडचा मुलूख तेव्हा स्पेनच्याच टाचेखाली. ज्यांनी यांच्या गावांवर बाँब टाकले, त्यांच्यासाठीच हे मरायला गेले. का? पीक गेलं होतं, पगार आगाऊ मिळत होता, धर्माची लढाई आहे असंही सांगितलं होतं. तरी तिला पटेना. "पण आप्पा, त्यांनी इस्वास ठेवलाच कसा?"

मी ताट सरकवून तिच्यावर खेकसलो. कारण मला उत्तर माहीत होतं. परक्या साहेबावर कोण विश्वास ठेवतो? मधे कुणीतरी गावचाच बसलेला असणार — ओळखीचा, बोलण्यात तरबेज. माझ्यासारखा.

मी जनावरांचा दलाल. वैरागच्या बाजारात अनवाणी उभा राहून शिकलो, आज सोलापुरात स्वतःचं घर आहे. आमचा सौदा तोंडानं होत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही.

भाच्याला परदेशात नोकरी देणारा एजंट माझ्या घरी आला. दाजी आणि भाचा समोरच बसले होते. काम स्वयंपाकघरातलं, असं बोलणं झालं होतं. पण एका आचाऱ्यासाठी हा माणूस एवढा का धावतोय? मी त्याला बाहेर नेऊन खोदून विचारलं. लष्कराचं काम आहे, म्हणाला. तिकडं लढाई चालू आहे, पुढं कुठं लावतील सांगता येत नाही.

तिथंच त्याला हाकलायला हवं होतं — नाही का? मी त्याला घेऊन आत आलो, त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि माणूस दिल्याची माझी दलाली त्याच्याकडून वाढवून घेतली. जोखीम जास्त, म्हणून भाव जास्त. दाजींना वाटलं, मी एजंटाची फी तोडतोय. त्यांनी कौतुकानं भाच्याकडं बघितलं.

निघताना भाच्यानं एवढंच विचारलं, "मामा, बंदूक तर धराय लावणार न्हाईत की?"

"येडा हाईस व्हय? भाकऱ्या थापायच्यात."

"मग आईला भाकऱ्यांचं सांगू नगा. मला चहाबी धड येत न्हाय."

हसत गेला. शेवटचा फोन आला तो खंदकातून. त्यानंतर काही नाही.

बहीण कुंभारीहून येते, माझ्या ओळखी आहेत, मीच शोधावं म्हणते. तिच्यासमोर मी एजंटाला शिव्या घालतो, आणि ती मलाच पाणी देऊन शांत करते.

तो एजंट अजून शहरात ऑफिस थाटून बसलाय. त्याला कॉलर धरून बाहेर काढा, त्याच्याकडून जाब घ्या. पण आधी माझ्याकडून घ्या — दाजींच्या देखत.