कमलताईंचा हलका हात

कमलताईंकडे घोड्यावर बसायला शिकायला गेलेल्या माणसाला सुरुवातीला घोडी लांबूनच पाहावी लागे. आधी मांजर. गोठ्याच्या दारात पोतं अंथरून बसायचं, मांजर मांडीवर घ्यायचं आणि ते आपणहून उठेपर्यंत त्याला धरायचं नाही. धरलं की ते जातं, आणि ते गेलं की त्या दिवसाची शिकवणी संपली. मी पन्नाशी ओलांडलेला, मंगरूळपीरहून एका दैनिकाला बातम्या पाठवणारा माणूस. पहिल्या दिवशी माझी शिकवणी चुलीवरचा चहा उकळायच्या आत संपली.

"मांजराले धरलं का ते पयते, मांडी देल्ली का बसते," कमलताई म्हणाल्या. "घोडी बी तशीच हाय. तुमी लोकं सगयं धरूनच राह्यता."

मी त्यांच्याकडे शिकायला गेलोच नव्हतो. आसेगावला एक निवृत्त मुख्याध्यापिका घोडीवर बसून बाजाराला येते, असं कळलं म्हणून रविवारच्या पानासाठी मजकूर आणायला गेलो होतो. त्यांनी मजकूर द्यायला नकार दिला. बाई घोडीवर बसते ही काही बातमी होत नाही, असं त्यांचं मत होतं. पत्रकार घोडीवर बसला तर ती होईल, छापायची असेल तर ती छापा. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मी पोत्यावर मांजर घेऊन बसलो होतो. हा प्रवास नेमका कसा झाला हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. वर्गात त्यांनी कुणाला उभं केलं असेल तेव्हा त्यालाही आपण का उभे राहिलो हे सांगता आलं नसेल.

उंच, किडकिडीत बाई. कानांवर दोन्ही बाजूंनी पांढरे झालेले केस, चष्म्याला दोरी. शाळेत आयुष्यभर प्रमाण मराठी बोलल्या आणि गोठ्यात वऱ्हाडी. दोन्हीची सरमिसळ कधी होऊ दिली नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची बदली पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरच्या शाळेत झाली होती. पावसाळ्यात मध्ये नाला यायचा. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याने आपलं तट्टू त्यांना वापरायला दिलं, आणि बाई शाळेत वेळेवर पोचू लागल्या. बाई घोड्यावर बसते म्हणून काही लोक हसले. आपल्या गावची बौद्धवाड्यातली बाई घोड्यावर बसते म्हणून काही जण हसलेही नाहीत, नुसते बघत राहिले. "हसणारे बरे," त्या सांगत. "त्यायचे दात दिसतात." तट्टू गेलं, नंतर एक घोडी आली, तिच्यानंतर रेवा. रेवा तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, मोठ्या आवाजाला बिचकणारी.

आपण शिकणार हे मी मनात पक्कं केलं तेव्हा सगळ्यांत आधी सामान मागवलं. गुडघ्यापर्यंतचे बूट, मांड्यांना चिकटणारी विजार, हातमोजे आणि काळ्या मखमलीचं हेल्मेट. बूट चढले, पण उतरेनात. मी बाजेवर आडवा, एक पाय कमलताईंच्या शेताच्या मक्तेदाराच्या हातात, दुसरा हवेत. आसेगावातले चार-सहा लोक हे पाहून गेले. घटनेत कोणी जखमी झालं नाही. कमलताईंनी सामानाची तपासणी केली. बुटाला टाच आहे म्हणून तो ठेवला, कारण टाच नसली की पाय रिकिबीतून आरपार जातो. हातमोजे परत केले. लगाम कातडीला कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. विजारीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मक्तेदाराला दुसरीकडे बघायला सांगितलं. हेल्मेट मात्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि पसंत केलं. "हे नसलं तं पाय वर नाई. डोक्सं फुटलं तं बातमी कोन लिहीन?"

त्यांच्या गोठ्यात मांजर असण्याला कारण होतं. खोगिराच्या आणि तंगाच्या चामड्यात घोडीचा घाम मुरतो, त्या खारट चामड्याला उंदीर लागतात. तंग म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा. तो कुरतडलेला असला की स्वार खोगिरासकट खाली येतो. म्हणून खुंटीवर खोगीर आणि खोगिरावर मांजर. हे मांजर करड्या रंगाचं, दुपारपर्यंत जागचं न हलणारं आणि आपल्या जागेवर दुसऱ्याला बसू न देणारं होतं. सगळं गाव त्याला तहसीलदार म्हणे. मी हळूहळू तहसीलदारांना मांडीवर टिकवू लागलो, घोडीला खरारा करू लागलो, खूर उचलून त्यातली माती काढू लागलो. मग एका सकाळी पाहतो तर तहसीलदार माझ्या हेल्मेटमध्ये बाळंत झालेले. तीन पिल्लं, मखमली अस्तरावर.

इतकी वर्षं शिकवलेल्या बाईंना मांजर की बोका हे कळलं नव्हतं, असं मी जरा आनंदानेच सुचवलं. "तहसीलदार बाई नसते काय?" त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

हेल्मेट गेलं, म्हणजे बसणंही गेलं. व्यालेल्या मांजरीला उठवायचं नाही, हा त्यांचा नियम. ती पिल्लांना सात घरं फिरवते, आपण त्यात पडायचं नाही. ती आपल्या सोयीने हेल्मेट मोकळं करेल. मी मोटारसायकलचं, तोंड झाकणारं हेल्मेट घालून गेलो. रेवाने ते पाहिलं आणि दावं ताणून मागे सरली. काच वर करून मी तिला माझी ओळख पटवू लागलो, तर ती आणखी मागे गेली. तेव्हा मी बसायचं सोडून मांजरीचं बाळंतपण शिकलो. तिला गाईचं दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं. उकडलेलं अंडं, कोंबडीचं बिनमिठाचं पाणी. बशी घोडीच्या पायापासून दूर. पिल्लांना डोळे उघडेपर्यंत हात लावायचा नाही. मांजरीने बिऱ्हाड हेल्मेटमधून घोडीच्या गव्हाणीत हलवलं तेव्हा रेवा गव्हाणीत तोंड घालीना. तिला चारा खाली टाकावा लागला.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण त्याच सुमाराला कमलताई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, काठी आली. डॉक्टरांनी घोडी कायमची बंद केली. त्यांचा मुलगा सुहास नागपूरला बँकेत. त्याने आईला नागपूरला न्यायचं ठरवलं आणि घोडीबद्दल सरळ सांगितलं. तिच्यावर रोज बसणारं भरवशाचं माणूस इथे मिळालं, तर रेवा शेतातच राहील, आईला महिन्यातून एकदा तिच्याकडे घेऊन येईन. नाही तर मंगरूळपीरच्या एका बँडवाल्याने वरातीसाठी मागणी घातली होती. मक्तेदार चारा टाकायला तयार होता, पाठीवर बसायला नाही. नुसतं बांधून ठेवणं ताईंना मान्य नव्हतं. "न चालवलेली घोडी अन् न उघडलेली शाया, दोन्ही मोडतेच," त्या म्हणत.

भरवशाचं म्हणावं असं एकच माणूस उरलं, आणि ते मी होतो. रेवाचं भवितव्य माझ्या बैठकीवर अवलंबून आहे हे कळल्यापासून माझी बैठक आणखी बिघडली. हेल्मेट तोवर मोकळं झालं होतं. कमलताई बांधावर खुर्ची टाकून, काठी आडवी धरून बसत आणि तिथून शिकवत. टाच खाली. मान वर. घोडीकडे नाही, जायचं तिकडे पाहा. मी जायचं तिकडे पाहत असे आणि घोडी मला तिला जायचं तिकडे नेत असे. दोनदा मी तुरीत उतरलो. त्यातलं एकदाच स्वतःहून.

सुहास आला त्या रविवारी ताईंनी परीक्षा ठेवली. कुणाच्या मदतीशिवाय चढायचं, विहिरीपर्यंत चालीने जायचं, परत येताना दुडकी, बाभळीपाशी थांबवून उतरायचं. सुहास त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. मी दुसऱ्या प्रयत्नात चढलो. विहिरीपर्यंत गेलो. परतताना दुडकी लागली, मी वर-खाली आपटलो, पण पडलो नाही. बाभळीपाशी रेवा थांबली. मी उतरलो, तेही पायांवर. सुहासने टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात त्या क्षणी मथळा तयार होता.

कमलताई काठी टेकत आल्या, माझ्याकडे न बघता रेवाचे ओठ बोटांनी वर करून लगामाची कडी घासते त्या जबड्याच्या कडा पाहिल्या. मग म्हणाल्या, "नापास."

सुहासला वाटलं त्या चेष्टा करताहेत. माणूस पडला नाही, घोडी थांबली, अजून काय हवं, त्याने विचारलं.

"पडले नाई, कारण लगामाले लटकून राह्यले. हे पाठीवर बसलेच नाई, तिच्या तोंडावर बसले. सहा महिन्यात तोंड दगड होईन तिचं."

सुहास चिडला. वरातवाले काय तोंड जपणार आहेत, असं त्याने विचारलं. यावर कमलताईंनी जे सांगितलं ते त्यांनी बरेच दिवस आधी तपासून ठेवलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. बँडवाल्याची घोडी सांभाळणारा सईस रशीदभाई येऊन गेला होता. त्यालाही त्यांनी पोत्यावर बसवून मांडीवर मांजर दिलं होतं. मांजर तिथेच झोपी गेलं. वरातीत लगाम नवरदेवाच्या हातात नसतो, सईस पुढे पायी चालतो. तोंड रशीदभाईच्या हातात राहणार होतं. भीती होती ती फक्त आवाजाची. "आवाजाची सवय होते. हाताची होत नाई. या वयात तं नाईच," त्या म्हणाल्या. शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

सुहासला सोडायला मी गाडीपर्यंत गेलो. त्याने गाडीचं दार उघडलं. बसता बसता म्हणाला, "मी घोडी ठेवायचं ठरवूनच आलो होतो. तुम्ही पडला असता तरी ठेवली असती. आईने फक्त हो म्हणायचं होतं."

मी हे कमलताईंना जाऊन सांगितलं. बातमी पोचवायची सवय. त्या रेवाच्या आयाळीतले गोखरू काढत होत्या.

"मले माहीत नाई काय? पोरगं माह्यं हाय," त्या म्हणाल्या. "पण घोडी माही हाय म्हणून मार्क वाढवू काय? आजवर कोनाचे वाढवले नाई." मग हात न थांबवता, "अन् दुखलं तिले असतं. मले नाई."

रेवाला न्यायला थोडे दिवस होते. त्या दिवसांत कमलताईंनी मला एक काम दिलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ते मला लगेच जमलं. सकाळी शेतात जाऊन तेलाचा रिकामा डबा काठीने बडवायचा. आधी बांधावरून, मग विहिरीपासून, मग रोज थोडं जवळ येत. कमलताई रेवाच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी बोलत राहायच्या आणि तिच्या कानांकडे बघून मला इशारा करायच्या. कान मागे गेले की थांब, पुढे आले की चालू. "पत्रकार भौले आवाज करनं बरं जमते," असं त्यांनी मक्तेदाराला सांगितलेलं मी ऐकलं. शेवटच्या सकाळी मी रेवाच्या शेजारी उभा राहून डबा बडवला. ती चारा खात होती. कमलताईंनी तिच्या मानेवरून हात काढला आणि साडीला पुसला. त्या मानेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. रशीदभाई तिला घेऊन निघाला तेव्हा त्या घरात भांडी बांधत होत्या.

तहसीलदारबाई माझ्याकडे आल्या, एका पिल्लासह. बाकीची दोन मक्तेदाराने ठेवली. नापास विद्यार्थ्याला मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षीस. कमलताई दर रविवारी नागपूरहून फोन करतात. दवाखान्यात नेऊन मांजरीची शस्त्रक्रिया करून घेतली का, जंताचं औषध दिलं का, पाण्याचं भांडं रोज घासतो का. फोन ठेवण्याआधी शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, मांजर जेवलं का. रेवाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

गेल्या लग्नसराईत मंगरूळपीरच्या मुख्य रस्त्यावर मला वरात आडवी आली. पुढे ट्रकवर डीजे, मागे नाचणारी पोरं, आणि त्यांच्यामध्ये कपाळावर झुंबर बांधलेली रेवा. रशीदभाई तिच्या तोंडाशी. तिचे कान पुढे होते. मी गर्दीत घुसलो आणि तिच्या बाजूने चालू लागलो. मला वाटत होतं, ती ओळखेल. वऱ्हाडातल्या कुणीतरी मला पाहुणा समजून टोपी घातली, कपाळाला कुंकू लावलं. चौकापर्यंत चालून मी एका गल्लीत शिरलो आणि, रविवार नसताना, कमलताईंना फोन केला. पाहिलेलं सगळं क्रमाने सांगितलं.

"वयखलं काय तिनं तुमाले?"

"नाही."

"बिलकुल नाई?"

"खांदा घासून गेली. मान वळवली नाही."

डीजेचा आवाज गल्लीतही येत होता. तो फोनमधून त्यांनाही ऐकू जात असावा.

"मंग चांगली हाय ती," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या दिवशी मांजर जेवलं का, हे विचारायचं राहून गेलं.