नको म्हणाली होती ती तार

मिझुए गेली. आणि मी तिला अजून सॉरी म्हटलेलं नाही.

सकाळी सईने, माझ्या मुलीने, फोन पुढे केला. "बाबा, युअर जपान सिंगर. शी पास्ड अवे."

तिची गाणी तुमच्यापैकी फार कुणी ऐकली नसतील. एक पियानो, एक आवाज, आणि प्रत्येक गाण्यातून कुणीतरी कायमचं उठून गेलेलं.
जपानी मला कळत नाही. तरी गाडीत ऐकताना दोनदा एक्झिट चुकलोय.

चार वर्षांपूर्वी अबुधाबीला तिचा शो होता. पियानो मी ट्यून केला.

मी इथे टाकलेला तो फोटो तुम्हाला आठवत असेल. ती, मी आणि मागे ग्रँड पियानो. तुम्ही भरभरून अभिनंदन केलंत.
त्या फोटोत जे नाही ते आज लिहितो.

मी या देशात एसी टेक्निशियन म्हणून आलो. पियानो कुणी शिकवला नाही. कोरड्या हवेने लाकूड आकसतं आणि तारा उतरतात, हे मला एसीने शिकवलं. बाकी कानाने.
त्याचा मला अभिमान आहे. होता म्हणा.

रिहर्सलला ती एका स्वरावर थांबली. मधल्या सी-च्या खालचा जी.
त्याला तीन तारा असतात. सकाळी तिन्ही मी जुळवल्या होत्या. हॉलचा एसी फुल्ल, त्यात एक तार केसभर उतरली. स्वर धरून ठेवला की थरथरायचा.

मी पाना घेऊन पुढे झालो. तिने हात आडवा केला.

"धिस वन इज क्रायिंग," ती म्हणाली. "प्लीज. लीव्ह इट."

चौथं गाणं त्याच स्वराने सुरू होणार होतं. आईवरचं. गाण्यांच्या यादीवर तिने बोट ठेवून दाखवलं.

मी म्हणालो, "येस मॅडम."

रिहर्सलनंतर ट्यूनरने पुन्हा एकदा सगळा पियानो तपासायचा, ही आमची पद्धत. मी एकेक स्वर घेत जी-पर्यंत आलो.
थरथर ऐकू आली.
मनात आलं, हॉलमध्ये कानवाला एक जरी माणूस असला तर म्हणेल, ट्यूनरने तार सोडली. तिने सांगितलंय हे त्याला कोण सांगणार?

मॅनेजर दारातून ओरडला, "भाई, यल्ला, पब्लिक को अंदर लेना है."

"एक मिनट."

त्या एका मिनिटात मी ती तार नीट केली.

चौथं गाणं आलं. तिने तो जी वाजवला. थांबली. परत वाजवला.
स्वच्छ. सरळ. काचेसारखा.

तिने हात मांडीवर घेतले. आणि ते न गाता थेट पाचवं गाणं सुरू केलं.

लोकांना काही कळलं नाही. यादी माझ्या खिशात होती.

शो संपल्यावर ती माझ्यासमोर वाकली. "व्हेरी क्लीन," म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
मी फक्त "थँक यू" म्हणालो आणि फोटो मागितला.

ते "व्हेरी क्लीन" मी इथे कॅप्शनला टाकलं होतं. कौतुक म्हणून. ते कौतुक नाही, हे टाकतानाच मला माहीत होतं.

माफीचा ईमेल लिहिला. चार वर्षं ड्राफ्टमध्ये आहे. इंग्रजी नीट वाटेना म्हणून रोज एक शब्द बदलायचो.
सई वैतागायची. "बाबा, जस्ट सेंड इट. शी वोन्ट चेक युअर ग्रामर."

आज दुपारी अल बर्शा भागातल्या आमच्या घरी पियानो उघडला. तोच जी. एक तार किंचित उतरवली. ऐकलं. जास्त झाली. परत चढवली, परत उतरवली.
सई दारात उभी. "इज दॅट इट?"
"नाही गं."

बरोबर कसं करायचं ते मला येतं. ती थरथर येत नाही. ती त्या दिवशी आपोआप आली होती आणि मी पुसली.

मिझुए-सान, तुम्ही नको म्हणाला होतात. मी हो म्हणूनही तार फिरवली. चूक माझी.

शांतपणे जा.