दुसरी काच

देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रभान लोहाराचं दुकान होतं. दुकान इंद्रभानच्या नावाचं, पण लोखंड ओळखायची ती त्याची बायको गोजरबाई. भट्टीतलं लोखंड तांबडं झालं, केशरी झालं, मग पिकल्या आंब्यासारखं पिवळं झालं, की ती भात्यावर बसल्याबसल्या सांगायची, "काढा." इंद्रभान सांडशीनं ते ऐरणीवर धरायचा आणि मग हीच बाई पदर खोचून घण घालायची. लोहाराच्या घरची रीतच ती. नवऱ्यानं धरायचं, बायकोनं हाणायचं.

तिचा अंदाज कधी चुकला नाही. अर्धा क्षण आधी काढलं तर लोखंड वाकत नाही, अर्धा क्षण उशिरा काढलं तर जळतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला आपल्या नजरेचा गर्व होता, आणि का नसावा? आयुष्यभर राख उपसणाऱ्या बाईला गर्व करायला दुसरं काय ठेवलं होतं लोकांनी? पण गिऱ्हाईक जाताना म्हणायचं काय, तर इंद्रभानच्या हाताला यश आहे. इंद्रभानही मान डोलवायचा. माणूस वाईट नव्हता. ऐकून घ्यायला गोड लागतं, तेवढंच.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याला चार-पाच वर्षं होत आली तेव्हा त्या रस्त्यानं विजेचे खांब आले आणि इंद्रभाननं जालन्याहून जुनं वेल्डिंगचं मशीन आणलं. झालं. भट्टी आठवड्यातून एकदा पेटायला लागली, घण कोपऱ्यात उभा राहिला. वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, मोडो, गाडीचा आस तुटो, विहिरीवरच्या इंजिनाचा पाइप फुटो, रॉड टेकवला की निळा-पांढरा जाळ निघायचा आणि लोखंडाला लोखंड चिकटायचं. बघायला पोरंसोरंच काय, मोठी माणसंही जमायची.

पण मशीनची एक अडचण होती. एका हातात रॉडची मूठ, दुसऱ्या हातात तोंडापुढं धरायची पत्र्याची ढाल. ढालीत काळी काच, त्या काचेतूनच जाळाकडं बघायचं. मग तुटलेले दोन तुकडे सरळ जुळवून धरणार कोण? गोजरबाई. घण घालणारी बाई आता नुसती धरणारी झाली. तिला ते मनातून लागलं होतं, पण बोलून दाखवायची सोय कुठं होती?

ढाल एकच. जाळ निघाला की गोजरबाई डोळे गच्च मिटायची. डोळे मिटले की हात हलायचा, हात हलला की जोड वाकडा यायचा.

"हालवू नको, इकडं पाहून धर," इंद्रभान खेकसायचा.

"पाहू कशी? डोळ्यात सुया टोचून राह्यल्या."

त्याच्या जिवाला ते लागलं. आश्विनात बालाजीची यात्रा भरली तेव्हा तो स्वतः जाऊन तिच्यासाठी काळा चष्मा घेऊन आला. पातळ सेल्युलॉइडचा, पण काळाकुट्ट. घालून पाहिला तर भर दुपारी दिवेलागणीसारखं दिसायचं. "पाह्य, माह्या काचेइतकाच काळा आहे," तो म्हणाला. दोघांनाही तो चष्मा पसंत पडला. काळं ते काळं, आणखी काय पाहायचं असतं? लोखंडाच्या रंगात आयुष्य गेलेली माणसं ती. रंग बघून पारख करायची हेच त्यांना ठाऊक होतं, आणि त्याच शहाणपणानं घात केला.

शेजारची मंजुळाबाई कुंकू-बांगड्यांचं दुकान मांडून बसायची. तिनं गोजरबाईला चष्म्यात पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "अवं, कोण्या गावची मडम म्हणाव ही?" गोजरबाईही हसली. खरं सांगायचं तर तिला ती थट्टा आवडली होती.

चष्मा आला आणि काम सुधारलं. आता ती डोळे मिटत नव्हती, सरळ जाळाच्या पोटात बघत होती. लोखंड कसं वितळतं, थेंब कसा सरकतो, जोड कुठं कच्चा राहतो, सगळं तिला आठ-पंधरा दिवसांत समजायला लागलं. "डावीकडं थोडं राह्यलं," ती सांगायची, आणि तो तिथं रॉड फिरवायचा. भात्यावर बसून "काढा" म्हणायची, तो मान तिला परत मिळाला. त्यापायी ती आणखी निरखून बघायची, आणखी जवळून.

संध्याकाळ झाली की डोळ्यांत वाळू शिरल्यासारखं व्हायचं, पाणी वाहायचं. बकरीच्या दुधात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवून ती पडून राहायची. सकाळी बरं वाटायचं. धुरानं होत असेल, असं दोघांनी ठरवून टाकलं. भट्टीच्या धुरात केस पांढरे झाले तोवर डोळ्यांना काही झालं नाही, हे दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

चार वर्षं गेली. एक दिवस गोजरबाई तांदूळ निवडत होती. खडा दिसायचा, बोट न्यायची, आणि बोटाखाली खडा नसायचाच. मग सुईत दोरा जाईना. मग मंजुळाबाई समोर येऊन उभी राहिली तर तिचे कान दिसले, केस दिसले, खांद्यावरचा पदर दिसला, आणि मधे तोंडाच्या जागी करडा डाग. गोजरबाईनं हे कुणाला सांगितलं नाही. भ्याली होती बिचारी. नजर गेली तर ह्या घरात आपण कोण, हा एकच प्रश्न तिच्या उरावर बसला होता. पण एका बुधवारी भट्टी पेटली असताना तिनं "काढा" म्हटलं आणि इंद्रभाननं काढलं ते लोखंड ठिणग्या टाकत जळालेलं निघालं.

"तुहं ध्यान कुठं आहे?" तो ओरडला.

"मले मधलं दिसत नाही," ती म्हणाली. "लई दिवस झाले."

बुलढाण्याला डोळ्यांचे एक डॉक्टर होते. त्यांनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं, बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं, मग काय काम करता ते विचारलं. इंद्रभाननं पिशवीतून यात्रेतला चष्मा काढून मोठ्या विश्वासानं टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उचलून उन्हाकडं धरला आणि खाली ठेवला.

"हा नुसता रंग आहे," ते म्हणाले. "त्या जाळात दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारा एक किरणही असतो. उन्हातही असतो, पण त्या जाळात फार जास्त. तुमच्या ढालीतली काच तोही अडवते आणि उजेडही पुरेसा अडवते. ह्या चष्म्यातून तो आत जातो. वरून अंधार वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणजे दार आणखी उघडं. हा घातला नसता तर बाईंनी डोळे तरी मिटले असते."

इंद्रभान खाली बघत होता. त्यानं विचारलं, "साहेब, दुसरं काही बसवता नाही येत?"

"बाहुलीवर बसवायची बारीक भिंगं निघालीत म्हणतात. मुंबईत एखादा घालतो, नंबरासाठी. पुढंमागं तीही हा किरण अडवतील कदाचित. पण डोळ्याच्या आतला पडदा मधोमध भाजलाय. वरून काहीही बसवलं तरी तो परत येत नाही. कडेचं दिसतं, ते राहील." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सहज विचारलं, "मशीनबरोबर ढालीची एक जास्तीची काच येते. ती बाईंना का नाही दिली?"

इंद्रभान हळूच म्हणाला, "पेटीत आहे."

गोजरबाईला हे तिथं कळलं. चार वर्षं ज्या पेटीवर ती गोधड्या रचत होती, त्या पेटीत काच होती. घरी पोचल्यावर इंद्रभाननं पेटी उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"काऊन ठेवली होती?" तिनं विचारलं.

"माही फुटली असती तं काम बंद पडलं असतं." तो खोटं बोलला नाही, एवढं तरी म्हणावं लागेल. "मले काय मालूम होतं? चष्मा काळाच होता ना."

"हाव. माहे डोळे गेले, पण तुमचं काम नाही बंद पडलं."

पुढचे दोन दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊराव पाटील तुटलेली वखराची पास घेऊन आला. पेरणी तोंडावर होती, थांबायला त्याला वेळ नव्हता. इंद्रभाननं मशीन चालू केलं. नवी काच लाकडी चौकटीत बसवून त्यानं ती गोजरबाईपुढं केली आणि सवयीनं म्हणाला, "ये, धर."

ती उंबऱ्यावर बसली होती. "धरा तुमीच," ती म्हणाली.

भाऊराव पाटलाला काही कळेना. तो एकदा तिच्याकडं, एकदा इंद्रभानकडं बघत राहिला. इंद्रभान खाली वाकला. त्यानं एक तुकडा पायानं दाबला, दुसरा गुडघ्यानं, आणि मूठ उचलली तर तुकडा सरकला. पुन्हा जुळवला, पुन्हा सरकला. शेवटी त्यानं ढाल खाली ठेवली, एका हातानं लोखंड धरलं, डोळे गच्च मिटले आणि रॉड टेकवला. ढाल घ्या म्हणावं, असं गोजरबाईच्या ओठांवर आलं होतं.

ती त्याच्याकडंच बघत होती, पण समोर नुसता करडा डाग होता. आता नवऱ्याला बघायचं तर तिला तोंड दुसरीकडं फिरवावं लागायचं. तिनं तोंड फिरवलं. मग डोळ्याच्या कडेला तो दिसला, जाळापुढं ढालीशिवाय, उघड्या चेहऱ्यानं बसलेला. ती पोटभर बघत बसली आणि काही बोलली नाही.